हुशार आहे, लक्ष नाही

इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, ‘सर, आता वेळ कसा जातो?’ आणि दोन, ‘सर, आमच्या पोराचा तेवढा फॉर्म भरून देता का?’ पहिल्याला मी ‘मजेत’ असं उत्तर देतो आणि दुसऱ्याचा फॉर्म भरून देतो. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तिसरीच गोष्ट विचारली. म्हणाले, नोकरीतलं काहीतरी लिहा, पण वाचक कंटाळता कामा नये. एकतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मी मंगरूळपीरचा. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गल्ली आहे, तिथे आमचं घर. वडील शिंपी होते. त्यांच्या शेजारी बसून काजं करता करता मी इंग्रजी शब्द पाठ केले, गावातल्याच एका मराठी शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो आणि सहा वर्षांपूर्वी तिथूनच बाहेर पडलो. मुलगा हैदराबादला असतो, मुलगी अकोल्याला. माझी बायको सकीना चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात बोलणारा मी आणि ऐकणाराही मीच. दाराची कडी वाजली की मी जरा घाईनेच उठतो. बहुतेक वेळा गॅसवाला असतो, नाहीतर कोणी चुकून आलेला असतो. चुकून आलेल्यालाही मी बसवून घेतो.

आता थोडं धंद्याचं सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

नववी-दहावीच्या इंग्रजीत एक प्रकरण असतं: लिंकिंग व्हर्ब आणि त्याचं कॉम्प्लिमेंट. मराठीत सांगायचं तर जोडणारं क्रियापद आणि त्याचं पूरक. नावं ऐकूनच मुलं जांभया द्यायची, म्हणून मी कढीपासून सुरुवात करायचो. ‘आत्याने कढी केली.’ इथे आत्याने काहीतरी काम केलं. पण ‘कढी आंबट लागते’ म्हटलं तर कढी काय काम करते? काही नाही. ‘लागते’ हे क्रियापद इथे नुसतं मध्ये उभं राहून कढीची आणि आंबटपणाची गाठ घालून देतं. ‘आंबट’ हा शब्द काढून टाका आणि नुसतं म्हणा, ‘कढी लागते.’ ऐकणारा म्हणेल, किती लागते, कोणाला लागते? वाक्य अर्धवट राहिलं. ते पुरं करणारा शब्द म्हणजे पूरक. इंग्रजीत इज, अॅम, आर ही अशी जोडणारी क्रियापदं, आणि बिकम, सीम, लुक, टेस्ट, रिमेन अशी आणखी काही.

ओळखायचं कसं? क्रियापद काढून तिथे ‘आहे’ घालायचं. ‘कढी आंबट आहे.’ वाक्य जगलं. आता दुसरं घ्या, ‘आत्याने कढी चाखली.’ त्याचं होतं, ‘आत्या कढी आहे.’ वर्ग खो खो हसला की मी खडू खाली ठेवायचो. इतकं समजलं तर अर्धं प्रकरण झालं.

उरलेल्या अर्ध्यात मुलं दोन चुका हमखास करायची. एक तर ‘इज’ गाळायची. ‘माय फादर फार्मर.’ त्यांचा दोष नव्हता. घरी कोणी ‘माझे वडील शेतकरी आहेत’ असं बोलतच नाही, ‘बाबा वावरात’ एवढ्यावर भागतं. दुसरी चूक म्हणजे ‘ही लुक्स हॅपी’ लिहायचं तिथे ‘हॅपिली’ लिहायचं. शब्दाला शेपूट लावलं की इंग्रजी जास्त झाल्यासारखं वाटतं. अशा चुका मला खपत नसत. मी वह्या इतक्या लाल करायचो की पालक घाबरायचे. सकीना रात्रीच्या भाजीसाठी लसूण सोलता सोलता माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘पोराइच्या वह्या लाल करता, पन लोकाइले मात्र गोडगोड सांगता.’ तिचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. बाई शाळेत सातवीपर्यंतच गेली होती, पण माणसं माझ्यापेक्षा बरी वाचायची.

ती असं का म्हणायची, त्याचा एक नमुना सांगतो. आमच्या गल्लीत युसूफभाई म्हणून बांगड्यांचे दुकानदार होते. त्यांचा धाकटा भाऊ अकोल्याच्या दवाखान्यात होता. एका सकाळी ते एक चिठ्ठी घेऊन धावत आले. दवाखान्यातून त्यांच्या पुतण्याने कोणत्यातरी कागदावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठवलं होतं: कंडिशन रिमेन्स क्रिटिकल.

‘सर, रिमेन म्हंजे राह्यनं ना?’ युसूफभाई म्हणाले. ‘मंग राह्यला ना भाऊ माझा?’

सगळं वाक्य शेवटच्या शब्दात होतं, आणि त्या शब्दाला त्यांनी हातच लावला नव्हता. मीही लावला नाही. म्हटलं, ‘हो युसूफभाई, राहिलाय. पण तुम्ही लगेच निघा.’ ते निघाले. पुढे भाऊ खरंच वाचला, घरी आला, आणि युसूफभाईंनी मला दर ईदला शीरखुर्मा पाठवायला सुरुवात केली. लोक म्हणायचे, शेख सरांच्या तोंडाला यश आहे. मलाही ते पटायला लागलं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलावं, पुढचं पुढे, ही माझी सवय त्या घटनेनंतर पक्की झाली. तो माणूस वाचला नसता तर कदाचित मी सुधारलो असतो.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. जोडणारं क्रियापद शिकवायला मी एक पद्धत काढली होती. मुलं तिला ‘उभ्याचा तास’ म्हणायची. एका मुलाने वर्गासमोर उभं राहायचं. त्याने काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. बाकीच्यांनी प्रत्येकी एक वाक्य त्याच्याबद्दल सांगायचं, आणि वाक्यात जोडणारं क्रियापद पाहिजेच. ही इज थिन. ही लुक्स स्लीपी. ही बिकेम अ मॉनिटर. चेष्टा चालेल, पण वाक्य खरं पाहिजे, हा नियम. वर्षभरात प्रत्येकाची एकदा पाळी यायची, आणि माझ्या वहीत त्याच्या नावासमोर खूण व्हायची. पोरं आपल्या पाळीची वाट बघायची. छत्तीस जणांनी आपल्याकडे नीट बघून आपल्याबद्दल काहीतरी सांगावं, असं आयुष्यात किती वेळा घडतं?

मुख्याध्यापकांनी ही पद्धत जिल्ह्याच्या नवोपक्रमाच्या स्पर्धेला पाठवली. कळलं की साहेब लोक तास बघायला येणार. मग जे सगळ्या शाळांत होतं तेच आमच्याकडे झालं. तालीम सुरू झाली. मी प्रशांत नावाचा एक उंचापुरा, हसरा, जोरात गोलंदाजी करणारा मुलगा निवडला, त्याच्याबद्दल छत्तीस वाक्यं स्वतः लिहिली आणि प्रत्येकाला एकेक वाटून दिलं. आठ दिवस वर्ग नुसता प्रशांतची वाक्यं घोकत होता.

जीप आली, साहेब बसले, त्यांना हार घालून झाले, आणि मी वर्गाकडे वळून बघतो तर प्रशांत नाही. मालेगावला मामाच्या घरी गेला होता आणि तिथेच तापाने पडला होता. हे मॉनिटरला सकाळपासून माहीत होतं, पण मी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही.  पुढच्या बाकावर दाराशी वंदना बसली होती. मी तिच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, ‘कम हिअर.’

वंदना कारंजा रस्त्याकडच्या मळ्यातली. वडील सुखदेवभाऊ मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवायचे आणि सायकलला टोपल्या बांधून बाजारात आणायचे. पोरगी वर्गात सगळ्यात बुटकी, आवाज एवढासा, इंग्रजीत पार कच्ची. ती येऊन उभी राहिली, आणि माझ्या शहाण्या वर्गाने तोंड उघडलं.

‘शी इज टॉल.’

‘शी इज अ फास्ट बोलर.’

‘शी लुक्स चिअरफुल.’

‘ही’चं ‘शी’ करायचं मात्र एकही पोरगं चुकलं नाही. बाकी एक अक्षर कोणी बदललं नाही. शी इज क्लेव्हर इन इंग्लिश, शी विल बिकम अॅन ऑफिसर, अशी पस्तीस वाक्यं झाली, तिच्या स्वतःच्या वाट्याचं तेवढं राहिलं, आणि ती बुटकी पोर फ्रॉकचं टोक धरून ती ऐकत राहिली. साहेब फार खूश झाले. मुख्याध्यापकांना म्हणाले, ‘तुमच्याकडे मुलींचंही क्रिकेट आहे वाटतं.’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘हो साहेब, यंदाच सुरू केलंय.’ जाताना साहेबांनी वंदनाच्या डोक्यावर हात ठेवून ‘बहुत हुशार’ म्हटलं. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही या गोष्टीवर कितीतरी दिवस हसलो. मी तर लग्नाकार्यातही ती रंगवून सांगायचो.

महिनाभराने वंदना वह्या द्यायला आली आणि दारातच थांबून म्हणाली, ‘सर, माह्यी पाळी कधी?’

मी खुणांची वही बघितली. ‘तुझी झाली ना,’ म्हटलं.

ती गेली. नियमाप्रमाणे माझं बरोबरच होतं.

पुढल्या वर्षी ती दहावीत गेली. सहामाहीत इंग्रजीत नापास झाली. बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी सुखदेवभाऊ सायकल धरून उभे होते. माझी कोणीतरी वाट बघत असल्यामुळे मी स्कूटर बंदही केली नाही.

‘सर,’ ते म्हणाले, ‘पोरगी घरी म्हने का सायबासमोर समद्यायनं तिले हुशार म्हटलं. सायबानंबी म्हटलं. मंग नापास काहून झाली? हुशार हाये ना ते?’

खरं उत्तर साधं होतं. भाऊ, ती वाक्यं दुसऱ्या मुलासाठी होती. तुमची मुलगी इंग्रजीत कच्ची आहे. तिला रोज तासभर कोणीतरी घेऊन बसलं तर ती पास होऊन जाईल, माझ्याकडे पाठवा. पण हे सांगायचं तर आमचा तास ठरवून केलेला होता हेही सांगावं लागलं असतं. शिवाय बापाच्या तोंडावर त्याच्या मुलीला कच्ची म्हणायचं माझ्या जिभेवर येत नव्हतं. मी मग तेच बोललो जे आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस प्रत्येक पालकाला बोलतो.

‘हुशार आहे हो भाऊ. लक्ष नाही, एवढंच.’

त्यांनी मान हलवली. मी निघालो. मार्चच्या परीक्षेत वंदना बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसेल असं मी धरून चाललो होतो. ती बसली नाही. पुढच्या जूनमध्ये कोणीतरी म्हणालं की तिचं लग्न झालं, धनजला दिलं. आपल्याकडे होतात मुलींची लग्नं, असं म्हणून मी नवा वर्ग घेतला.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास कडी वाजली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. साडीवर पुरुषी स्वेटर, हाताला कोथिंबिरीची माती. मी तिला लगेच ओळखलं, आणि मनात पहिला विचार आला तो हा की ही दुसऱ्याच कोणाच्या तरी कामासाठी आलेली असू दे.

‘सर, मी वंदना. आमी आता मंगरूळलेच असतो, नवऱ्याचं भाजीचं दुकान हाये. मी बाहेरून दहावीले बसून राह्यली. बचत गटात प्रेरिकेची, म्हंजे गटाचं काम पाहनाऱ्या बाईची, जागा निघनार हाये, तिले दहावी पास लागते. बाकीचं मी वाचून घेईन. इंग्रजी तेवढी सिकवसान का?’

मी म्हटलं, ‘ये, बस.’

ती रोज साडेसहाला यायची आणि साडेसातला दुकान उघडायला निघायची. मी पाचलाच उठायला लागलो. अंगण झाडायचो, दुसरी खुर्ची पुसून ठेवायचो, डब्यात बिस्किटं आणून ठेवली. इतके दिवस गल्लीतल्या कोणाला माझ्या घरातून आवाज ऐकू आला नव्हता. आता ‘द मेथी इज फ्रेश’ ऐकू यायला लागलं. कढीचं उदाहरण तिला आठवत होतं. पण तिला खरी वाट सापडली ती तिच्या भाजीतून. द टोमॅटोज बिकेम सॉफ्ट. द ब्रिंजल लुक्स गुड. ‘इज’ मात्र ती अजूनही गाळायची. मी आता लाल पेन वापरत नव्हतो. ती गेल्यावर तिची वही मागे राहिली असली तर मला बरं वाटायचं, कारण मग दुपारचा तासभर निघायचा.

तीन आठवडे आम्ही दोघंही जुन्या गोष्टीबद्दल बोललो नाही. मी स्वतःची समजूत घातली होती की ती विसरली असेल. मग एका सकाळी मी तिला घरच्या माणसांवर पाच वाक्यं लिहायला दिली. आईवर लिहिली, नवऱ्यावर लिहिली. वडिलांवर तिने एकच लिहिलं: माय फादर वॉज नॉट राँग.

वाक्य अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, ‘छान. पण एवढंच का? आणि राँग का नव्हते?’

ती पेनचं टोपण लावत, काढत बसली. मग म्हणाली, ‘तुमी त्याईले फाटकापाशी सांगतलं व्हतं, पोरगी हुशार हाये, लक्ष नाही. मी झाडामांगं उभी व्हती. बाबा घरी आले अन् आईले म्हने, पोरगी हुशार असून नापास होते म्हंजे तिचं लक्ष कोठी हाये? दुसऱ्या दिवसापासून आई माह्यासोबत शाळेच्या रस्त्यापर्यंत येये. कोनत्या पोराकडे पायतो का, ते पाहे. मी कोनाकडं पायतच नव्हती सर, मले इंग्रजी येतच नव्हती. मार्चमंदी नापास झाली तं बाबा म्हने, आता नाही, आता उजवून टाकू. मी म्हटलं, मले एक डाव अजून बसू द्या. ते म्हने, बसून काय होते, येत तं हायेच तुले, तू करतच नाही.’

माझे दोन्ही हात टेबलावर होते, ते काढून मांडीवर घेतले. लग्नाकार्यात हसतहसत सांगितलेली ती सगळी गोष्ट माझ्यावरच उलटली होती.

‘मंग बाबाचं काय चुकलं?’ ती म्हणाली. ‘मास्तरनं सांगतलं, त्याईनं मानलं.’

मी तिला सगळं सांगितलं. ती वाक्यं प्रशांतची होती, हे तिला तेव्हाच माहीत होतं म्हणाली. आठ दिवस तीही घोकतच होती, तिच्या वाट्याला ‘ही इज ब्रेव्ह’ आलं होतं. घरी जाऊन तिने ती सगळी वाक्यं मराठीत करून आईला सांगितली होती. ‘ते समदं खोटं व्हतं हे मालूम होतं, पन ऐकाले लय बरं वाटलं,’ म्हणाली. तिने स्वतःच आईला सांगितलं नसतं तर बाबा शाळेत आलेच नसते, म्हणून तिला कितीतरी वर्षं वाटायचं की चूक तिचीच आहे.

‘चूक माझी होती,’ मी म्हटलं. एकतीस वर्षांत हे वाक्य मी कोणत्याही विद्यार्थ्यासमोर बोललो नव्हतो.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या सर. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, ‘हो. तुमचीच व्हती.’ मग वही पुढे सरकवली. ‘चला, पुढचं सांगा. आठले दुकान उघडाचं हाये.’

दुसऱ्या दिवशी ती येते की नाही, याची मी सहा वाजल्यापासून दारात उभं राहून वाट बघितली. ती आली. त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. मीही बोललो नाही, पण सकीनाची फार आठवण आली. ती असती तर रात्री तिला सांगता आलं असतं, आणि ती नक्की म्हणाली असती, मी तुमाले म्हटलंच व्हतं.

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा वंदनाने शेवटची प्रश्नपत्रिका सोडवली. मी तपासली. पस्तीसला पास, आणि तिचे कसेबसे तेहेतीस भरत होते.

‘सर, एक विचारू?’ ती म्हणाली. ‘मी पास होईन का?’

‘नक्की होशील’ हे शब्द तोंडात तयार होते. तीस वर्षं ते तयारच असायचे. मी चष्मा काढला आणि पुसत बसलो, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये.

‘वंदना, तू अजून कच्ची आहेस,’ मी म्हटलं. ‘पत्र जमतं. उताऱ्यात निम्मे मार्क पडतील. निबंधात तू वाक्यं अर्धी सोडतेस. या चार दिवसांत रोज दोन पत्रं आणि दोन उतारे केलेस तर काठावर निघशील. नाही केलेस तर नापास होशील. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.’

तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती वहीत लिहीत होती: दोन पत्रं, दोन उतारे. लिहून झाल्यावर म्हणाली, ‘एवढंच बाबाले सांगतलं असतं ना सर, तं त्याईनं मले एक वर्ष देलं असतं. तुमी मास्तर, तुमचा सबुद त्याईले लय.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

परीक्षा झाली आणि तिचं येणं थांबलं. इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहायला या लेखातल्या बाकी कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागला. एप्रिलच्या उन्हात, रिकाम्या खुर्चीसमोर बसून मला असं वाटायला लागलं की ती नापास झाली तर बरं. नापास झाली तर पुरवणी परीक्षा, म्हणजे पुन्हा दोन-अडीच महिने रोज सकाळचा एक तास. मी मुलाला फोन करून पुरवणी परीक्षा कधी असते ते मोबाइलवर बघायला सांगितलं. तो म्हणाला, ‘अब्बू, कोणासाठी?’ मी म्हटलं, असंच. तारीख कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहून ठेवली. मग स्वतःची इतकी लाज वाटली की पान उलटून टाकलं, पण खोडली नाही. एकदा जिच्या दहावीला मी आडवा आलो होतो, तिच्याच दहावीला पुन्हा मनातल्या मनात आडवा येत होतो, आणि या वेळी कारण काय, तर मला सकाळी बोलायला कोणी नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता निकाल लागणार होता. मी बारापासून फोन मांडीवर घेऊन बसलो. दीडला वाजला.

‘सर, पास झाली मी. इंग्रजीत सदोतीस.’ मागे बसस्थानकाचा गलका होता, कंडक्टर कारंजा-कारंजा ओरडत होता. ‘मी वाशिमले चालली, गटाच्या हापिसात. मार्कांचा कागद आजच दाखवून येतो म्हटलं. पहिला फोन तुमालेच केला. घरीबी नाही सांगतलं अजून.’

‘वा,’ मी म्हटलं. ‘वा वंदना.’ आणि खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. सदोतीस मार्कांसाठी मी इतका कधी हललो नव्हतो.

‘सर,’ ती म्हणाली, ‘खुश हाये ना तुमी?’

मी सगळं खरं सांगायचं ठरवलं. आता खोटं बोलायला कारणही नव्हतं. मी म्हटलं, ‘खुश आहे गं. पण आता तू येणार नाहीस. तू पुन्हा यावीस म्हणून नापास झालीस तरी चालेल, असं मला वाटायला लागलं होतं. घर खायला उठतं बघ सकाळी.’

फोनमध्ये हॉर्नचा मोठा आवाज झाला. कोणीतरी तिला ‘चला मावशी, चढा’ म्हणत होतं.

‘हॅलो, सर? काय म्हटलं? इथं लय गलबला हाये, काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं. पुन्हा सांगा बरं.’

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. समोर तिची खुर्ची होती.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘खुश आहे म्हटलं.’

‘मंग झालं,’ ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.